गुडघ्यातला खटका

टपालवालीचं खरं नाव कचेरीच्या हजेरीबुकात होतं आणि ते तिथेच पडून असायचं. बाकी सगळे तिला खटका म्हणत. लहानपणापासून तिचा डावा गुडघा वाजायचा. वाकवला की खट्, सरळ केला की पुन्हा खट्. आत कुणीतरी बसून दाराची कडी काढतंय-घालतंय, असा आवाज. परीक्षेला वर्ग चिडीचूप असताना तिने पाय लांब केला की बाई मान वर न करता म्हणायच्या, "खटके, बाहेर." ती बाहेर जाऊन उभी राहायची. उत्तरं सगळी येत असायची, पण व्हरांड्यात ती कोण लिहून घेणार?

घरी मोठा दादा होता. त्याचे मित्र आले की तो तिला पायरीवर बसवायचा आणि म्हणायचा, "दाखव." ती गुडघा वाकवायची, मित्र कान लावायचे, हसायचे, "परत" म्हणायचे. एकदा त्यांनी मोठ्याने मोजत तिच्याकडून शंभर वेळा करून घेतलं. सत्तरच्या पुढे तिला रडू यायला लागलं, तेव्हा दादाने सांगितलं की रडलीस तर पुन्हा एकपासून. तिने शंभर पूर्ण केले. संध्याकाळी गुडघा सुजून गोटा झाला. आईने विचारलं तर म्हणाली, "पडले."

वडील गवंडी होते. चांगले गवंडी. त्यांनी उभारलेल्या भिंतीला ओळंबा लावला तर केसाचा फरक निघायचा नाही, आणि घरातली माणसंही त्यांना तशीच लागायची. दहाव्या वर्षी खटकाचा गुडघा आवाजावर थांबेना. तो अडकायला लागला. सकाळी उठली की पाय पुरता सरळ व्हायचा नाही, टाच टेकायची नाही, ती वाकड्या पायाने उड्या मारल्यासारखी चालायची. वडिलांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. तिथे एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हाडात काही नाही."

वडिलांनी त्यातलं फक्त "काही नाही" एवढंच घरी आणलं. एक्स-रेची फिल्म त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर चिकटवली. "हा बघ तुझा गुडघा. ठणठणीत. पुढच्या वेळी कुरकुर करावीशी वाटली की इकडे बघायचं." ती फिल्म तिथे चार वर्षं होती. रोज जेवताना खटका समोर स्वतःची हाडं बघायची.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी इलाज काढला. दुपारी कामावरून जेवायला आले की तिला जमिनीवर बसवायचे, टाचेखाली दोन विटा ठेवायचे आणि गुडघ्यावर वाळूची पिशवी. पिशवी रोज थोडी जड व्हायची. ती ओरडली की ते जेवता जेवता सांगायचे, "ओरड. वाळूला कान नसतात." अकराव्या दिवशी गुडघ्यात काहीतरी मोठ्याने सरकलं आणि पाय विटांवरून खाली जाऊन सपाट झाला. खटकाची शुद्ध गेली. शुद्धीवर आली तेव्हा वडील आईला सांगत होते, "बघितलंस? संपलं नाटक."

त्यानंतर ती सरळ चालायला लागली. दुखायचं, पण सरळ. आणि कुणाला सांगून खरं वाटणार नाही, वडिलांचं म्हणणं तिनेही मनोमन मान्य करून टाकलं. आपण नाटक करत होतो आणि बाबांनी ते मोडून काढलं. आयुष्यभर ती हीच गोष्ट सांगत आली, आणि सांगताना तिला अभिमान वाटायचा.

मोठी झाल्यावर टपाल खात्यात लागली. वाट्याला आलेला भाग चढाचा होता, चार-चार मजली इमारतींचा, एकीलाही लिफ्ट नाही. सकाळी खणांमध्ये पत्रं इमारतींच्या क्रमाने लावायची, मजल्यांप्रमाणे गठ्ठे बांधायचे, पिशवी खांद्याला अडकवायची आणि बटवड्याला निघायचं. लोकांना घंटी वाजवावी लागायची नाही. जिन्यातून खट् खट् ऐकू आलं की दारं उघडायची. तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई होती, ती तर मशीनवरून न उठताच ओरडायची, "खटका, काही आहे का गं?"

सोळा वर्षांत तिने आजारपणाची एकही रजा घेतली नाही. दुसऱ्या कुणी घेतली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरोबरच्या एकाची कंबर धरली तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली, "कंबर नाही धरली, काम धरवत नाहीये." पुढे त्या माणसाच्या मणक्यात गाठ निघाली. भेटायला ती गेली नाही.

नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. शांत माणूस. दिवसभर चाकाची घरघर ऐकून त्याला घरात बोलण्याची हौस उरलेली नव्हती. त्यांना एकच मुलगी. अंगाने लहानखुरी म्हणून तिला बारकी म्हणायचे.

बारकी नऊ वर्षांची झाली आणि लंगडायला लागली. डावाच पाय. आधी जिना उतरताना पाय मध्येच दगा द्यायचा, ती कठड्याला धरायची. मग सकाळी गुडघा सरळ होईना.

"दुखतंय," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं.

"मलाही तिथेच दुखायचं," खटका म्हणाली. "काही नसतं तिथे."

नवरा म्हणाला, "एकदा दाखवून आणूया."

"काय दाखवायचंय? शाळेत पळायच्या शर्यती सुरू झाल्यात ना, म्हणून हे."

तिने बारकीला जिना चढायला-उतरायला लावलं. रोज शाळेतून आल्यावर दहा फेऱ्या. खाली उभी राहून ती मोजायची. बारकी बोलायची नाही. चौथ्या दिवशी ती बसून, मागे सरकत सरकत उतरताना दिसली, तेव्हा खटकाने तिला दंडाला धरून उठवलं आणि फेऱ्या पंधरा केल्या.

रविवारी सकाळी नवरा अंघोळीला गेला होता. खटकाने बारकीला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि तिची टाच समोरच्या स्टुलावर ठेवली. मध्ये गुडघा वाकलेला, अधांतरी.

"एकदाच होईल," ती म्हणाली. "आजोबांनी माझं केलं होतं, तसंच. मग आयुष्यात त्रास नाही."

"नको, आई."

"तोंडाने श्वास घे."

तिने दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले आणि सगळं वजन टाकलं. आत काहीतरी सरकलं, तिला हाताला कळलं. बारकीची किंकाळी बाथरूममध्ये नळ सोडलेल्या नवऱ्यालाही ऐकू गेली. तो ओल्या अंगाने धावत आला तेव्हा खटका वाट बघत उभी होती, आता पाय सपाट होईल म्हणून. पाय सपाट झाला नाही.

तरीही दुपारी तिने वडिलांना फोन केला. "बारकीचंही तसंच होतं. मी तुमच्यासारखंच केलं."

"शाबास," म्हातारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी खटकाने सगळ्यांना गोड करून वाढलं. बारकीने ताट बाजूला सरकवलं.

मंगळवारपर्यंत गुडघा दुप्पट झाला आणि जागच्या जागी कुलूप लागल्यासारखा अडकून बसला. बुधवारी नवरा दुकानात गेलाच नाही. त्याने मुलीला पाठीवर घेतलं, तीन मजले उतरला आणि रस्त्याला लागल्यावर मागे वळून बायकोला म्हणाला, "यायचं तर ये." त्याचा तो आवाज तिने आधी कधी ऐकला नव्हता. ती गेली.

हाडांची डॉक्टर तरुण होती, पापण्या जड, टेबलावर गार झालेला चहा. एमआरआयची चित्रं तिने पडद्यावर लावली आणि आधी बारकीलाच जवळ बोलावलं.

"तुझा गुडघा आहे, तर तूच बघ. मांडीचं हाड आणि पायाचं हाड यांच्यामध्ये दोन गाद्या असतात, कूर्चेच्या. मऊ, पण चिवट. त्यांचा आकार चंद्रकोरीसारखा असतो, मध्ये मोकळा. आतली तुझी तशीच आहे. बाहेरची बघ."

बारकीने पाहिलं. "ही गोल आहे."

"बरोबर. अख्खी चकती, आणि जाडही. जन्मापासून. हाडाला जिथे मोकळी जागा हवी तिथे ही मध्ये येते. म्हणून गुडघा वाजतो, अडकतो, सरळ होत नाही. तू काही केल्याने हे झालेलं नाही. आणि तू मनात आणून ते थांबवूही शकली नसतीस."

बारकीने हे वाक्य ऐकलं आणि आईकडे पाहिलं नाही. खटकाला ते न पाहणंच जास्त लागलं.

"एक्स-रेत तर काही नव्हतं," खटका म्हणाली.

"हिचा एक्स-रे आधी काढला होता?"

"नाही. म्हणजे, असं काही असेल तर एक्स-रेत दिसेल ना."

"एक्स-रेत हाडं दिसतात. गादी दिसत नाही." डॉक्टर पुन्हा पडद्याकडे वळली. "नुसती चकती असती आणि त्रास नसता, तर मी हात लावला नसता. कित्येकांना आयुष्यभर पत्ता नसतो. पण ही फाटलीय, आणि मागच्या बाजूने सुटून पुढे आलीय. फाटणं ताजं दिसतंय. गुडघ्यावर कुणी जोर दिला होता का? पिरगळला, दाबला?"

नवऱ्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"मी पडले," बारकी म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. "कधीकधी हे एकाच घरात दोघांना असतं. घरात आणखी कुणाचा गुडघा वाजतो?"

"नाही," खटका म्हणाली. तिला तिथून निघायचं होतं. ती उठली, आणि त्या बंद खोलीत तिचा गुडघा खट् करून वाजला.

डॉक्टर म्हणाली, "बसा परत."

बारकीचं ऑपरेशन दुर्बिणीने झालं. दोन छोटी छिद्रं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. चकतीचा मधला भाग कोरून काढायचा, कडेची कोर ठेवायची, आणि मागे सुटलेली बाजू टाके घालून जागेवर बसवायची. नवऱ्याने बाहेर डॉक्टरला विचारलं, "सगळीच का नाही काढत? पुन्हा फाटायला नको."

"पूर्वी सगळी काढायचे. मग विशी-तिशीत हाडावर हाड घासायला लागायचं. जितकी वाचवता येईल तितकी वाचवायची."

"काच जास्त घासली की परत भरता येत नाही," तो म्हणाला.

"तेच," डॉक्टर म्हणाली.

सहा आठवडे कुबड्या आणि पट्टा. ठरवून दिलं त्यापलीकडे गुडघा वाकवायचा नाही, उकिडवं बसणं तर कितीतरी महिने बंद. मग व्यायाम. उताणं पडून मांडीचा स्नायू आवळायचा, दहा मोजायचे, सोडायचा. टाच हळूहळू मागे ओढायची. खटका पहिल्या दिवशी मदतीला गेली. तिने पायाकडे हात नेला मात्र, बारकीने पाय नाही, सगळं अंगच आक्रसून घेतलं आणि डोळे मिटून तोंडाने श्वास घ्यायला लागली.

खटका हात तसाच धरून उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून व्यायाम नवरा घ्यायचा, दार लावून. आतून मोजण्याचा आवाज यायचा. एकदा बापलेक हसल्याचाही आला.

स्वतःचा गुडघा दाखवायला डॉक्टरने तिला दोनदा निरोप पाठवला. ती गेली नाही. दाखवायचा म्हणजे मान्य करायचं, आणि एकदा मान्य केलं की मागचं सगळंच मोजायला लागणार. ती बटवडा करत राहिली. जिन्यात आता प्रत्येक पायरीला घाम फुटायचा.

गुडघ्याने मग तिला विचारलंच नाही. एका दुपारी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तो अडकला. ना पुढे ना मागे. ती पायरीवर बसली, पाय अर्धवट वाकलेला, पिशवी मांडीवर. तिने दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले आणि वडिलांच्या वाळूच्या पिशवीसारखा जोर दिला. डोळ्यांपुढे काळोखी आली. पाय हलला नाही. तिने पुन्हा जोर दिला. तिसऱ्यांदा दिला नाही, कारण तिसऱ्यांदा तिला तळव्यांखाली बारकीचा गुडघा असल्यासारखं वाटलं, लहान, गरम, आणि ती पायरीवरच ओकली.

वरून शिवणकामवाली बाई डोकावली. "खटका? आवाज अर्ध्यातच थांबला म्हणून बघायला आले. माझं काही आहे का?"

"पाय अडकलाय. कुणाला तरी बोलवा."

"हो हो, बोलावते." बाई जपून चार पायऱ्या उतरली, पिशवीतला तिसऱ्या मजल्याचा गठ्ठा स्वतःच सोडला, आपलं पाकीट काढून घेतलं, आणि वर जाता जाता म्हणाली, "तेवढं पुसून घे हं, आज जिना झाडून झालाय." दार बंद झालं. मशीन सुरू झालं. पुढच्या तासाभरात पाच माणसं तिला ओलांडून गेली. दोघांनी आपापली पत्रं मागून घेतली. एकाने कालच्या उशिराबद्दल तक्रार केली. शेवटी तिनेच फोन लावला, कचेरीत, आणि तिला उचलायला कोण आला? ज्याच्या मणक्यात गाठ निघाली होती तो. तो आता काठी घेऊन बैठं काम करायचा. त्याने स्वतः उचललं नाही, दोन माणसं बरोबर आणली होती. एवढंच म्हणाला, "काम धरवत नाहीये का?" आणि पिशवी नीट बंद करून खांद्याला लावली.

तिच्या एमआरआयमध्ये चकती अशी उरलीच नव्हती. तीस वर्षांत तिच्या चिंध्या झाल्या होत्या, एक चिंधी सांध्यात अडकली होती, आणि बाहेरच्या बाजूला हाडावर हाड आलं होतं. डॉक्टरने चिंधी काढली. बाकी करण्यासारखं फार नव्हतं.

"लहानपणी कळलं असतं तर?" खटकाने विचारलं.

"तर मुलीसारखंच केलं असतं." डॉक्टरने गोळी साखरेत घोळवली नाही. "आता जिने बंद, वजन उचलणं बंद. मांडीचे स्नायू मजबूत ठेवा. पुढे कधीतरी सांधा बदलावा लागेल."

चालता यायला लागल्यावर ती पहिल्यांदा गेली ती वडिलांकडे. म्हातारा खिडकीपाशी बसला होता, हाताची बोटं चुन्याने कायमची तडकलेली.

"बाबा, माझ्या गुडघ्यात दोष होता. जन्मापासून."

"होता ना. सरळ केला मी."

"सरळ नाही केला. आतलं फाटलं असणार. बारकीच्या डॉक्टरने दाखवलं मला, चित्रात."

म्हातारा तडकलेली बोटं एकमेकांवर घासत राहिला. तिला वाटलं, आता तो खाली बघेल. एवढ्यासाठीच ती बस बदलून, काठी टेकत आली होती.

"मग बारकीचा कुणी फाडला?" त्याने विचारलं.

खटका तिथे आणखी अर्धा तास बसली, कारण परतीची बस अर्ध्या तासाने होती. त्याने चहा मागितला, तिने उठून करून दिला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीचे चार पिवळे डाग अजून होते. निघताना तो म्हणाला, "दार ओढून घे." तिने घेतलं.

कचेरीत तिला बैठं काम मिळालं. पत्रं खणांत लावायची, मजल्यांचे गठ्ठे बांधायचे. तिच्या भागातला बटवडा एका नव्या मुलीकडे गेला. जिन्यातून आता आवाज येत नाही म्हणून लोकांनी सुरुवातीला तक्रारी केल्या. खटकाचं नाव मात्र खटकाच राहिलं, गुडघा वाजायचा थांबला तरी.

बारकीला सहा महिन्यांनी तपासणीला नेलं. ती धावू शकत होती, डॉक्टरने कॉरिडॉरमध्ये धावायला लावून पाहिलं. गुडघा पुरता सरळ होत होता, पुरता वाकत होता. उजव्या गुडघ्याचंही चित्र काढून ठेवलं होतं.

"इथेही चकतीच आहे," डॉक्टर बारकीला म्हणाली. "पण शांत आहे. जोवर त्रास नाही, तोवर आपण तिला छेडायचं नाही. दुखलं, अडकलं, वाजायला लागलं, तर मात्र लपवायचं नाही. लगेच सांगायचं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? आईला."

बारकीने थोडा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे बघणाऱ्या मुलांचा असतो, तसा तो चेहरा होता.

"तुमचा नंबर द्याल?" तिने डॉक्टरला विचारलं.

डॉक्टरने खटकाकडे पाहिलं. खटका म्हणाली, "द्या तिला." डॉक्टरने कागदावर नंबर लिहून दिला.

बाहेर आल्यावर खटका म्हणाली, "माझ्याकडे दे, मी जपून ठेवते. हरवेल."

"नाही हरवणार," बारकी म्हणाली. तिने कागदाची घडी घातली आणि बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवली, चष्म्याच्या मागे. नवऱ्याने खिशावर हात ठेवला. मग तिघे फाटकाकडे चालायला लागले. बारकी मध्ये नव्हती, बाबांच्या पलीकडच्या बाजूला होती. खटका हळू चालत होती, आणि ती मागे पडतेय हे त्या दोघांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.